डोंगराला दरवर्षी वणवा लागतो, गावानं करायचं काय?

पऱ्याकाठ
आमचं गाव राजापूर तालुक्यात, सड्याच्या (डोंगरावरच्या कातळी पठाराच्या) पायथ्याशी. फेब्रुवारी लागला की सगळ्यांची नजर डोंगराकडे असते, कारण वणवा येणार हे धरूनच चाललेलं असतं. यंदा तो शिमग्याच्या आधीच आला. दुपारी रस्त्याच्या कडेचं गवत पेटलं आणि खाऱ्या वाऱ्यानं आग सरळ डोंगर चढून गेली. सड्यावर पोचली की विझेल असं वाटलं होतं. रात्री मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) सुटली तशी ती दुसऱ्या अंगानं खाली उतरली, काजूच्या बागांतून थेट वाडीच्या गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत). बाया-माणसांनी पाल्याच्या फांद्यांचे टाळ घेऊन झोडपून झोडपून पहाटे कशीबशी आटोक्यात आणली.

हाताशी आलेली काजू गेली, आंब्याची तरणी कलमं गेली, दोन घरांच्या पेंढ्याच्या उडव्या गेल्या. पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते पाण्याचं. झऱ्यावरून वाडीला येणारा काळा पाइप गवतातूनच टाकलेला आहे. तो जागोजागी वितळून कातळाला चिकटून बसलाय. आता पावसाळ्यापर्यंत बायकांच्या डोक्यावर हंडे. सत्तरीच्या काकूसुद्धा कळशी घेऊन पाखाडी चढतात, ते बघवत नाही.

पोलिसांत अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार दिली, पंचनामा झाला. मागच्या वेळीही झाला होता, हातात काही पडलं नाही. ग्रामसभेत दरवेळी एकाच गोष्टीवर भांडण होतं, ‘लावला कोणी?’ मला ते भांडण आता नको आहे. ज्यांच्या गावात वणवा थांबला किंवा निदान कमी झाला, त्यांनी काय केलं ते कृपया सांगा.

सुरंगीचा वळेसर
गाव खयचो ता सोडा, सगळीकडे ह्याच चालू आसा. आमच्या कुडाळात पण. गवत कापूक माणूस रवलो नाय, आणि काडी लावणारो मात्र दरवर्षी गावता.

दर्यावर्दी
माफ करा, पण ‘लावला कोणी’ हे भांडण नको म्हणून कसं चालेल? आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये वीज पडून आग लागत नाही. विजा येतात त्या वळवाबरोबर, आणि त्यांच्यामागोमाग पाऊस असतो. म्हणजे प्रत्येक वणव्यामागे माणूस आहे. कोणी शिकारीसाठी लावतो, कोणी बांध साफ करायला, कोणी आग्या मोहोळ उतरवताना चूड टाकून पळतो, कोणी गाडीतून जळती बिडी फेकतो. एकाला जरी शिक्षा झाली तरी बाकीचे दहा जण विचार करतील. राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कायदा आहे, वापरत कोणी नाही.

कातळवाट
दर्यावर्दी, काडी लावणारे पूर्वीही होते. माझ्या लहानपणी संगमेश्वराकडे वणवे लागायचे, पण आग पऱ्यापाशी (ओढ्यापाशी), नाहीतर पायवाटेपाशी अडायची. दुपारी लागली तर संध्याकाळी विझायची. आता ती रात्रभर चालते आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात जाते. काडी तीच आहे, मग बदललं काय?

बदललं ते गवत. तेव्हा भात घरात आलं की लगेच डोंगरावरचं गवत कापायची घाई असायची. गुरांना वर्षाची बेगमी, घरं शाकारायला वेगळं, उरलेलं विकायला. प्रत्येक घरात पाच-सात गुरं होती, ती उरलंसुरलं चरून काढायची. पातेरा (झडलेला पाला) भाजवळीला, म्हणजे पेरणीआधी वाफा भाजायला, आणि गोठ्यात अंथरायला गोळा व्हायचा. लाकूडफाटा चुलीत जायचा. डोंगर माघापर्यंत खरवडून निघालेला असायचा, वणव्याला खायला फारसं शिल्लक नसायचं.

आता गुरं गेली, घरांवर पत्रे आणि कौलं आली, चूल गेली. माणसं मुंबईला गेली. छातीएवढं गवत मार्चपर्यंत उभं, त्याखाली मागच्या वर्षीचं कुजलेलं, मध्ये रानमोडीची झुडपं. वरून १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर काजू-आंबा लागला. चांगलंच झालं, त्यानं कित्येक घरं सावरली. पण पूर्वी जळायचं ते गवत होतं, आता गवताच्या मधोमध माणसाची आयुष्यभराची लागवड उभी आहे. काजूचा वाळलेला पाला आणि खाली पडलेल्या तेलकट टरफलाच्या बिया आगीला आणखी जोर देतात.

म्हणून माझं मत पऱ्याकाठ यांच्या बाजूनं. गुन्हेगार सापडेल तेव्हा सापडेल, गवत समोर दिसतंय.

नाचणीची भाकर
कातळवाट, मनातलं लिहिलंत.

दर्यावर्दी, एक सांगते. वणवा म्हटलं की शहरातले लोक पहिलं बोट भाजवळ करणाऱ्या शेतकऱ्याकडे दाखवतात. आमच्या घरात अजून दाढ (भाताच्या रोपांचा वाफा) भाजतात. आधी कवळ (तोडलेल्या फांद्या) पसरायची, त्यावर पातेरा, मग शेण, आणि वरून बारीक मातीचा थर. तो थर असल्यामुळे आत धुमसत राहतं, ज्वाळा उठत नाही. चहूबाजूंनी हातभर जागा झाडून काढायची, पाण्याचा हंडा आणि टाळ जवळ, आणि वारा पडल्याशिवाय काडी लावायची नाही. सासूबाई राख निवेपर्यंत तिथून हलत नाहीत. अशी भाजवळ डोंगर जाळत नाही.

जाळतात ते बागा साफ करणारे, हे खरं आहे. मालक मुंबईत, बाग कंत्राटानं दिलेली. मजुरीचे पैसे वाचवायला भर दुपारी गवताला आग लावायची आणि जेवायला जायचं.

दर्यावर्दी
तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. माझा राग त्यांच्यावर नाही, जेवायला जाणाऱ्यांवर आहे. पण शिक्षा हवीच, ह्यावर मी ठाम आहे.

मुचकुंदी
आमच्या वाडीतल्या जुन्या माणसांचं म्हणणं, जाळल्याशिवाय डोंगर ‘सुधारत’ नाही. जाळलं की कोवळं गवत येतं, गोचीड मरते, वाट दिसते. ह्यात तथ्य किती? कोणी शेतीशाळेतलं आहे का इथे?

लालमाती
मुचकुंदी, मी कृषी शाखेचा. डोळ्यांना दिसतं ते खोटं नाही. जुना वाळका पेंढा जळून गेला की खालचा हिरवा फुटवा दिसायला लागतो, राखेतून थोडं पोटॅश आणि चुना मिळतो, म्हणून पहिली वाढ जोरात वाटते. पण त्याची किंमत मोठी आहे. गवतातलं नत्र बहुतेक धुराबरोबर उडून जातं. मातीवरचं पालापाचोळ्याचं पांघरूण जातं, आणि जूनमधला पहिला दणका उघड्या मातीवर पडतो. आपल्याकडे जांभ्यावर माती मुळात वीतभर. ती राखेसकट पऱ्यात आणि तिथून खाडीत. पाणी मुरायचं प्रमाण घटतं, मग झरे लवकर आटतात.

दुसरं, दरवर्षी जाळलं की गवताची जातच बदलते. गुरं आवडीनं खातात ती गवतं मागे पडतात आणि कुसळी वाढते. कुसळ धरल्यावर गुरं तिला तोंड लावत नाहीत. म्हणजे जुन्या माणसांना चांगलं गवत हवं असेल, तर तेच गवत आगीनं कमी होतंय.

रानवाटा
बागांचं बोलणं झालं, जरा रानाचंही बोलू.

आपल्याकडची आग बहुधा जमिनीलगत चालते. मोठी झाडं उभी राहतात, म्हणून लांबून वाटतं की जंगलाला काही झालं नाही. ऐन, कुंभा यांची साल जाड, ती तगतात. जमिनीत रुजलेली अंजनी, जांभूळ, बकुळ यांची बोटभर रोपं मात्र एका दुपारी संपतात. दरवर्षी हेच झालं तर म्हाताऱ्या झाडांच्या जागेवर यायला कोणी उरत नाही. रान वरून हिरवं दिसत राहतं, पण त्याला पोरंबाळं नसतात. मग एका वादळात जुनी झाडं पडतात आणि त्या जागी रानमोडी पसरते. ती पुढच्या उन्हाळ्यात वाळून पुन्हा सरपण.

आणि मार्च-एप्रिल हा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ. टिटवी, रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतात. मागच्या वर्षी एक जळका सडा चालून गेलो. एका दगडाच्या आडोशाला टिटवीची चार अंडी होती, जागच्या जागी, मांडणी जराही न बिघडलेली, वरून काजळी. टिटवी तिथेच दहा पावलांवर ओरडत फिरत होती. मला तिथे फार वेळ उभं राहता आलं नाही. खवले मांजर, साळिंदर बिळात जातात, घोरपडही जाते, पण धुराचं काय?

देवराया वाचतात असा समज आहे. आतून ओल्या असल्यामुळे बऱ्याच वाचतातही. पण कडेनं दरवर्षी थोडी थोडी जळत देवराई आत आत सरकते. आमच्या गावची देवराई माझ्या आजोबांनी दाखवलेल्या हद्दीपेक्षा आता बरीच लहान आहे.

खाडीपल्याड
मी मूळची देवगडची, सध्या कॅलिफोर्नियात. इथली आग आणि आपली आग वेगळी, हे आधीच सांगते. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली तातडीची आहे, पऱ्याकाठ, म्हणून आधी लिहिते. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथलं पॅराडाइज नावाचं गाव जवळजवळ सगळं जळालं, ८५ माणसं गेली. त्यानंतर गावाच्या नळाच्या पाण्यात बेंझीन सापडलं, आणि तपास करणाऱ्यांचा रोख तापलेल्या, वितळलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपांवरही होता. बेंझीन कर्करोगाला कारण होतं. तेव्हा तुमचा अर्धवट वितळलेला पाइप जोडून तोच पिण्यासाठी वापरू नका. जेवढा भाजला आहे त्याच्या दोन्ही बाजूंनी आणखी थोडा कापून टाका आणि नवा जोडा.

दुसरी गोष्ट. इथले करुक, युरोक हे मूळ रहिवासी थंडीच्या आसपास थोडं थोडं रान मुद्दाम जाळायचे. सरकारनं ते बंद केलं. १९३५ पासून वन खात्याचं धोरणच होतं की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायची. काही दशकं ते बरं दिसलं. रानात सरपण साठत गेलं, आणि आता आग लागते ती कोणाला ऐकत नाही. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास आकाश दिवसभर नारिंगी होतं, दुपारी घरात दिवे लावले होते. माझी मुलगी विचारत होती, आज सकाळ झालीच नाही का? आता तेच सरकार त्याच मूळ रहिवाशांना बरोबर घेऊन थंडीत रान जाळायला शिकतंय.

मुचकुंदी
म्हणजे आमच्या वाडीतली जुनी माणसं बरोबरच होती की!

लालमाती
अर्धीच बरोबर. कॅलिफोर्नियातल्या पाइन-ओकच्या रानांना अधूनमधून आग सोसायची सवय आहे. आपल्या दमट रानाची घडण तशी नाही. कातळवाटांनी सांगितलं तसं आपल्याकडे सरपण कमी ठेवायचं काम विळ्यानं आणि गुरांनी व्हायचं. तिथे आग ज्यासाठी लावतात, ते इथे कापून होतं. सबंध डोंगर जाळायचं कारण नाही.

खाडीपल्याड
पटलं. मलाही एवढंच म्हणायचं होतं की माणूस रानातून निघून गेला की आग मोठी होते. इथे हाकलला गेला, आपल्याकडे पोटासाठी गेला.

सुरंगीचा वळेसर
आमचे आजोबा बिडी ओढीत. पण डोंगरार जाताना आजी काड्यापेटीतले काडये मोजून देई, आणि इल्यार जळलेले धरून परत मोजून घेई. एक काडी कमी पडली तर जेवाण नाय. आमच्या डोंगराक आजीच्या हयातीत वणवो लागलो नाय 😀

दर्यावर्दी
हे म्हणजे खरं वनखातं! आजींना मानाचा मुजरा.

चाकरमानी डोंबिवली
माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांचा प्रश्न मांडतो. आमची जमीन सामाईक सातबाऱ्यावर आहे, नावं चाळीसच्या वर. निम्मे हयात नाहीत, काही सुरतेला, काही कुठे आहेत ते माहीत नाही. मला गवत कापून घ्यायचं आहे, पैसेही द्यायची तयारी आहे. पण एका भावकीनं हात लावला की दुसरी म्हणते, जमीन बळकावताय. त्यामुळे कोणीच हात लावत नाही, आणि आमच्या त्या पडीक तुकड्यातूनच आग शेजारच्या बागेत जाते. शेजाऱ्याला तोंड दाखवायला लाज वाटते.

शिवाय बागेच्या विम्यातून काही मिळतं का? कोणाला अनुभव?

लालमाती
फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. अवकाळी पाऊस, तापमान, वारा, गारपीट असे निकष, आणि मोजमाप हवामान केंद्रावरचं. तुमची बाग जळाली ह्याचा त्या मोजमापाशी संबंध येत नाही. हप्ता भरणाऱ्या कित्येकांना हे बाग जळाल्यावर कळतं.

हिरवी वर्दी
मी वन खात्यातून निवृत्त झालो, नोकरी बरीचशी दापोली-मंडणगड आणि चिपळूणकडे झाली. उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाचं उत्तर देतो.

आधी एक वस्तुस्थिती. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं, बहुतेक डोंगर खाजगी मालकीचे. दर्यावर्दी म्हणतात ते कलम राखीव जंगलाला लागू, तुमच्या-माझ्या डोंगराला नाही. तिथे पोलिसांत तक्रार करावी लागते आणि साक्षीदार लागतो. गावात साक्ष द्यायला कोण पुढे येतं, ते तुम्हीच सांगा. म्हणून खात्याची वाट बघत बसू नका, ही विनंती. फोन जरूर करा, माणसं येतील, पण एका वनरक्षकाकडे किती गावं असतात ते मी जाणतो.

जे चालतं ते जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच मोकळा केलेला पट्टा. सबंध डोंगर साफ करायचा नाही, तेवढी माणसं कोणत्याच गावात नाहीत. आग जिथून सुरू होते आणि जिथे पोचायला नको, त्या दोनच जागा धरायच्या. रस्त्याच्या दोन्ही कडा, आणि बाग-वाडीच्या वरची धार. आम्ही सहा मीटर रुंद पट्टा काढायचो. गवत हिरवट-पिवळं असताना दोन्ही बाजूंनी कापायचं, मधे ओढायचं, चार दिवस वाळू द्यायचं. मग सकाळी दव असताना, वारा नसताना, दोन्ही अंगांना माणसं उभी करून तेवढंच जाळायचं. पायवाट, पऱ्या, कातळाचा उघडा भाग, गडगा हे सगळं त्या रेषेत जोडून घ्या, निम्मं काम फुकट होतं. फेब्रुवारीत काढलेली जाळरेषा हाच वणवा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे पातेरा पडतो, तो पंधरवड्यानं एकदा झाडून घ्यावा लागतो.

विझवायला जाताना: नायलॉनचे कपडे नकोत, सुती घाला. चप्पल नको. आगीच्या वरच्या उतारावर कधीही उभं राहायचं नाही, ती चढणीला माणसापेक्षा जोरात धावते. तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये ट्रेकिंगला गेलेली मंडळी उतारावर सापडली, वीसहून जास्त जीव गेले. आगीच्या तोंडावर जाऊ नका, जळून गेलेल्या बाजूनं येऊन तिच्या कुशी मारत मारत तोंड अरुंद करा. पहाटे हवेत ओल असते, आग बसलेली असते, खरं काम तेव्हा होतं. तुमच्या वाडीनं पहाटे आटोक्यात आणली त्याचं कारण हेच.

आणि मोबाइलवर सूचना मिळते. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीची जागा टिपून नाव नोंदवलेल्यांना फुकट संदेश पाठवतं. पण तो उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. तीनला लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार. म्हणून सड्यावर एक माणूस हवाच.

रानवाटा
हिरवी वर्दी, फार उपयोगी. एक विनंती: जाळरेषा आखताना देवराईच्या कडेनं नुसतं कापा, जाळू नका. तिथे पट्टा झाडून घेतला तरी पुरतं.

हिरवी वर्दी
मान्य. देवराईपाशी आम्हीही काडी नेत नसू.

पऱ्याकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हे वाचून घरी आणि वाडीत मोठ्यानं वाचून दाखवलं. खाडीपल्याड, पाइपाबद्दल आधी कोणालाच माहीत नव्हतं. आमचे लोक रबर गुंडाळून तोच जोडायला निघाले होते. ते थांबवलं. नवा पाइप वर्गणीतून घेतोय.

वाडीच्या बैठकीत ठरलं ते असं. दिवाळीनंतर भात घरात आलं की रस्त्याची कड आणि बागांवरची धार, एवढंच घ्यायचं. घरटी एक माणूस. जो मुंबईत आहे त्यानं मजुरी पाठवायची, आणि न पाठवणाऱ्याचं नाव पालखीच्या बैठकीत वाचायचं. हे शेवटचं माझ्या सासऱ्यांनी सुचवलं आणि सगळ्यांनी लगेच मान्य केलं 🙂 बागा कंत्राटानं देणाऱ्या तिघांनी करारात ‘आग लावून सफाई करायची नाही’ असं लिहून घ्यायचं कबूल केलंय. दर्यावर्दी, हे तुमच्यासाठी.

अजून अडलंय ते दोन ठिकाणी. कातळावर पाइप पुरता येत नाही, तिथे काय करावं? आणि चाकरमानी यांच्यासारखे सामाईक तुकडे आमच्या धारेवर तीन आहेत, त्यांची परवानगी कोणाकडून घ्यायची?

कातळवाट
पाइपावर दोन्ही बाजूंनी चिरे लावून मधे माती भरा, आमच्याकडे तसंच केलंय. जिथे तेही जमत नाही तेवढ्या तुकड्याला लोखंडी पाइप घाला. महाग पडतो, पण थोडाच लागतो.

हिरवी वर्दी
सामाईकाचं: मालकीला हात न लावता फक्त गवत कापणार, गवतावर हक्क मालकांचाच, असा ठराव ग्रामसभेत लिहून घ्या. हयात असलेल्या आणि सापडतील तेवढ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या. प्रत तलाठ्यांकडे द्या. चिपळूणकडे एका वाडीत असं केलं होतं, भांडण झालं नाही, कारण कापलेला भारा मालकाच्या अंगणात नेऊन टाकत असत.

चाकरमानी डोंबिवली
हे आमच्याकडे जमेल. गणपतीत सगळी भावकी गावात असते, तेव्हाच सह्या घेतो. ठरावाचा मसुदा कोणाकडे असेल तर इथे टाकाल का?

पऱ्याकाठ
आमचा तयार झाला की टाकते. ग्रामसेवकांकडून एकदा तपासून घेते.